मुक्काम कुठे टाकता? चारधाम यात्रा नेणाऱ्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून चारधामला माणसं नेणारे सर्व आयोजक, टूर मॅनेजर आणि गावोगावचे ग्रुप लीडर

मंडळी, सप्रेम नमस्कार.

पुढच्या सीझनची तुमची पत्रकं व्हॉट्सअॅपवर फिरायला लागली आहेत. माझ्याकडे आतापर्यंत सात आली. एक भाचीनं पाठवलं, दोन भिशीच्या ग्रुपवर पडली, बाकीची जुन्या ओळखीनं तुमच्यातल्याच काहींनी धाडली. सगळी वाचली. सकाळी गरम पोहे-उपमा, रात्री घरच्यासारखं जेवण, केदारनाथाहून खाली उतरलात की पुरणपोळी, आचारी आपलाच, आंघोळीला गरम पाण्याची बादली. एकानं तर उपवासवाल्यांना भगर-आमटी वेगळी मिळेल असंही छापलंय, त्याचं कौतुक वाटलं. आणि सातपैकी पाच पत्रकांत थोड्याफार फरकानं एक वाक्य आहेच: 'नदीकाठच्या निसर्गरम्य हॉटेलात मुक्काम.'

हे पत्र या एका वाक्याबद्दल आहे.

ओळख सांगतो, कारण तुमच्यातल्या नव्या पोरांना मी माहीत नसेन. तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालो. नोकरीत असताना उन्हाळी सुट्टीत अकरा सीझन एका यात्रा कंपनीचा मॅनेजर म्हणून गढवालात गेलो. म्हणजे वर्षभर मी वर्गात 'नदीच्या निक्षेपण कार्यामुळे तयार होणारी भूरूपे' शिकवायचो, फळ्यावर पंखाकृती मैदानाची आकृती काढायचो, हमखास येणारा प्रश्न म्हणून पोरांकडून घोकून घ्यायचो. आणि मे महिना लागला की चौतीस पॅसेंजर घेऊन त्याच आकृतीवर मुक्काम टाकायचो. हे दोन्ही एकच, हे माझ्या डोक्यात कित्येक वर्षं आलंच नाही. तुमच्या डोक्यात आलं नसेल तर मी कोणत्या तोंडानं रागवू? पण धरालीनंतर तरी ते यायला हवं.

५ ऑगस्ट २०२५, दुपारी दीडचा सुमार. धराली तुम्हाला सांगायला नको. गंगोत्रीच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर, चहाला, जेवायला, मुक्कामाला आपण सगळेच तिथे थांबलेलो आहोत. श्रीकंठ शिखराच्या बाजूनं खीरगाड उतरते आणि इथे भागीरथीला मिळते. त्या मिळण्याच्या जागी बाजार, हॉटेलं, होमस्टे, सफरचंदाच्या बागा. समोरच्या काठावरच्या मुखब्यातून लोकांनी काढलेला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. मी तो एकदा आवाज बंद करून पाहिला, एकदा चालू ठेवून. तिसऱ्यांदा पाहवला नाही. त्यात शिट्ट्या ऐकू येतात. मुखब्याची माणसं जीव तोडून शिट्ट्या मारतायत, ओरडतायत, कारण वरून काय येतंय ते त्यांना दिसतंय आणि बाजारातल्यांना दिसत नाहीये. खालची माणसं धावतात. मुंग्यांएवढी दिसतात ती. चारमजली हॉटेलं कागदाच्या खोक्यांसारखी आडवी होतात, आणि काही क्षणांत तिथे नुसता राखाडी उतार उरतो.

त्या दिवसांत महाराष्ट्रातले शंभरावर पर्यटक त्या भागात अडकले होते. फोन लागत नव्हते, रस्ते तुटले होते, हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. तुमच्यापैकी ज्यांचे ग्रुप तेव्हा वर होते त्यांनी त्या रात्री नातेवाइकांचे किती फोन घेतले असतील, याची मला कल्पना आहे.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर 'ढगफुटी' सुरू झालं. या शब्दानं आपली फार सोय होते. ढग फुटला, देवाची करणी, आयोजक काय करणार! हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे छोट्याशा टापूत तासाभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस. खाली हर्षिलला त्या दिवशी मोजलेला पाऊस अगदीच किरकोळ होता. वर, जिथे पाऊस मोजायला काही नाही, तिथे काय पडलं, का हिमनदीनं सोडलेला ढिगाराच सुटला, यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. ते त्यांचं त्यांना ठरवू दे. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: जे काही सुटलं ते कुठून जाणार आणि कुठे पसरणार, हे जमिनीवर आधीच लिहिलेलं होतं.

आपल्याकडे 'दरड कोसळली' म्हटलं की माळीण आठवतं, तळिये आठवतं, इरशाळवाडी आठवते. तिथे गावाच्या डोक्यावरचा, रोज दिसणारा डोंगर गावावर आला. माळीण गेलं तेव्हा सकाळच्या एसटीच्या माणसांना कळलं, की रोजचं गावच जागेवर नाही. हिमालयात हेही होतं, पण त्याखेरीज आणखी एक प्रकार असतो. त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. गढवाली माणूस 'मलबा आया' म्हणतो, आपण तोच घेऊ.

मलबा सुरू होतो तो गावापासून कित्येक किलोमीटर मागे आणि हजार-दोन हजार मीटर वर, जिथे खिडकीतून नजर पोचत नाही. हिमनद्या मागे सरकताना दगडमातीचे ढीग सोडून जातात, पुस्तकात आपण त्यांना हिमोढ म्हणतो. त्यांना ना झाडांच्या मुळ्यांचा आधार, ना कसला गिलावा. त्यात पाणी मुरलं, किंवा वरचं एखादं तळं फुटलं, की ढीग हलतो आणि अरुंद ओढ्यात उतरतो. वाटेत काठ खरवडतो, आणखी माल गोळा करतो. घराच्या स्लॅबच्या वेळी मिक्सरमधून ओला माल ओततात तो आठवा. मलब्यात अर्ध्याहून जास्त भाग दगडमातीचाच असतो, वजन पाण्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून खोलीएवढा दगडही त्यात तळाशी बसत नाही, पुढे ढकलला जातो. मोठमोठे दगड तोंडाशी गोळा होतात, मागून चिखल रेटतो. आणि तो एकदाच येऊन थांबत नाही, लोंढ्यामागून लोंढे येतात. पहिला ओसरला म्हणून माणसं बॅगा काढायला परत जातात आणि दुसऱ्यात सापडतात. ही एक गोष्ट तरी तुमच्या प्रत्येक मॅनेजरला माहीत हवी.

ओढा दरीत उतरला, उतार कमी झाला, जागा रुंदावली, की मलब्याचा जोर संपतो आणि तो पसरतो. हजारो वर्षांत असे कितीतरी मलबे एकावर एक बसतात आणि हाताच्या पंख्यासारखी एक सपाटशी जागा तयार होते. हिमालयाच्या उभ्या दऱ्यांत बांधायला सोयीची सपाट जागा तेवढीच. रस्ता तिथूनच जातो, पाणी जवळ, ऊन भरपूर, बस वळवायला मैदान. हॉटेल दुसरीकडे कुठे बांधणार? धराली अशाच पंख्यावर होतं. तिथलं कल्पकेदाराचं जुनं देऊळ आठवा. त्याचा बराचसा भाग जमिनीखाली गेलेला होता, वर दिसायचं ते शिखर. देऊळ काही कुणी खड्ड्यात बांधत नाही. आपण सगळ्यांनी खाली उतरून दर्शन घेतलं, पुरातन म्हणून हात जोडले, आणि वर येऊन चहा प्यायलो.

माझ्या तिसऱ्या सीझनची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, हॉटेल अजून चालू आहे. तिथल्या अंगणात रिक्षाएवढा एक दगड होता. मालकानं त्याला शेंदरी रंग दिला होता, वर ॐ काढला होता, शेजारी लोखंडी कमान करून घंटा टांगली होती. आमच्या बायका त्याला हळदकुंकू वाहायच्या, पुरुष पाठ टेकून फोटो काढायचे. मी मास्तर, मी हात फिरवून पाहिला. रंग उडालेल्या बाजूला दगड खरखरीत होता, उन्हात अभ्रकाचे कण चमकत होते, कडा घासून गोल झालेल्या. हॉटेलमागच्या कड्याचा दगड निराळाच, काळपट आणि पाट्या-पाट्यांचा. म्हणजे हा पाहुणा तिथला नव्हे. मालकाला विचारलं, कुठून आणला? तो म्हणाला, "लाया नहीं साहब, पहले से था. इसी के हिसाब से आँगन बनाया." मी हसलो आणि चौतीस जणांच्या खोल्यांच्या चाव्या वाटल्या. आजीबाईंना नदीच्या बाजूची खोली हवी होती, ती मिळवून दिली म्हणून त्यांनी मला आशीर्वाद दिला.

रिक्षाएवढा दगड तिथवर कुणी आणला, हे ओळखायला भूगोलाचा मास्तर लागत नाही. पण मास्तर असून मी ओळखलं नाही.

आता तुमच्यातले जाणते म्हणतील, आम्ही ऑगस्टमध्ये नेतच नाही, मे-जूनमध्ये नेतो. २०१३ ला काय झालं? मान्सून एरवी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सगळा देश व्यापतो, त्या वर्षी त्यानं १६ जूनलाच व्यापला. केदारनाथाच्या वर चोराबारीला वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या यंत्रानं १५ जूनच्या संध्याकाळपासून चोवीस तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस मोजला. डोंगरावर बर्फ अजून शिल्लक होतं, त्यावर हा पाऊस. १६ च्या संध्याकाळी पहिला लोंढा आला. १७ च्या सकाळी चोराबारी तळ्याचा हिमोढाचा बांध फुटला. देवळामागे भीमशिला नावाचा प्रचंड दगड अडला आणि देऊळ राहिलं, याचीच आपण गोष्ट सांगतो. रामबाडा राहिला नाही, याची कुणी सांगत नाही. गौरीकुंड-केदारनाथ वाटेवर अर्ध्यात, मंदाकिनीच्या अगदी काठावर, जिथे चढून दमलेली माणसं मॅगी खायची आणि खेचरं पाणी प्यायची, ते अख्खं ठाणं नकाशावरून पुसलं गेलं. त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतली पुष्कळशी सीझनच्या 'सेफ' महिन्यात गेलेली होती.

आणि आभाळ स्वच्छ असलं म्हणजे झालं, असंही नाही. ७ फेब्रुवारी २०२१, रविवार, लख्ख ऊन. चमोलीत रोंती शिखराच्या कुशीतून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ निखळलं. पडता पडता घर्षणानं बर्फाचं पाणी झालं, खडकाचा चुरा झाला, आणि तो लोंढा रैणीचा जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त करून तपोवनच्या बोगद्यात शिरला. २०४ माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. एक थेंब पाऊस नव्हता.

मग यात्रा बंदच करायची का? नाही. मी देवभोळा नाही, पण केदारनाथाला सकाळी ढग फाटून हिमशिखरं दिसतात तेव्हा आपल्या खेड्यातली म्हातारी माणसं ज्या चेहऱ्यानं उभी राहतात, तो चेहरा मी अकरा वर्षं पाहिलाय. जमीन विकून नाही, पण कापसाचे चार पैसे बाजूला ठेवून आलेली माणसं असतात ती. त्यांना न्या. रोज दिवसभर ती रस्त्यावर असणार, तेव्हाचा धोका काही अंशी नशिबावर सोडावाच लागतो. पण रात्रीचे आठ-नऊ तास ती कुठे झोपणार, हे नशीब ठरवत नाही. ते तुम्ही जानेवारीत, ऑफिसात बसून, हॉटेलवाल्याला अॅडव्हान्स पाठवताना ठरवता. सरकारला पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला लिहितोय ते यासाठी.

रात्रीचं काय होतं, त्यालाही दाखला आहे. १९९८ चा ऑगस्ट, १७-१८ ची रात्र, कैलास-मानसरोवरच्या वाटेवरचं मालपा. काली नदीच्या काठावर, कड्याखाली यात्रेकरूंचा तळ होता. झोपेत डोंगर खाली आला. दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत साठेक यात्रेकरू, आणि आपल्या मुंबईला ओळखीच्या नृत्यांगना प्रोतिमा बेदी. ऑगस्ट २०१७ मध्ये हिमाचलात मंडीजवळ कोटरूपीला मध्यरात्रीच्या सुमाराला दोन बस दरडीखाली गेल्या, ४६ माणसं मेली. अंधारात डोंगर बघता येत नाही आणि झोपलेल्या माणसाला शिट्टी ऐकू येत नाही. धरालीला दुपार होती.

मुक्कामाइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या पत्रकातलं वेळापत्रक. नऊ रात्री दहा दिवस, एकही दिवस मोकळा नाही. यातलं पाप माझ्याच पदरात आहे, म्हणून सांगतो. बद्रीनाथहून उतरत होतो, दुसऱ्या दिवशी दुपारी हरिद्वारहून परतीची गाडी. रुद्रप्रयाग ओलांडून सिरोबगडला आलो तर रस्त्यावर दगड. रात्री पाऊस झाला होता. जेसीबीनं वाट केली होती, समोर एक पोरगा लाल फडकं घेऊन वर बघत उभा. आमच्या गढवाली ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, मान खिडकीबाहेर काढली आणि कान लावला. बारीक खडे घरंगळल्याचा आवाज येत होता, तांदूळ सुपात पाखडल्यासारखा. म्हणाला, "साहब, पहाड़ अभी बोल रहा है. घंटा भर रुकते हैं." मी घड्याळ बघितलं. मागून पॅसेंजर 'गाडी चुकेल, गाडी चुकेल' करत होते. मी त्याला म्हटलं, चल. तो माझ्याकडे एकदा बघून गप्प बसला आणि गाडी काढली. आम्ही पार झालो. आमच्यामागे किचनची गाडी होती, तिच्या टपावर फुटबॉलएवढा दगड आला. पत्रा फाटून आत भाताचा मोठा टोप होता, त्याच्यावर बसला. आचारी पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, त्याच्या मागे दोन हातांवर तो टोप. त्या आचाऱ्यानं तो चेपका टोप पुढची कित्येक वर्षं वापरला. त्यात शिजवलेला मसालेभात मला वाढताना तो काही बोलायचा नाही.

चौतीस स्लीपरची तिकिटं वाचवायला मी छत्तीस-सदतीस माणसांचा जीव त्या खड्यांखाली घातला होता. तेव्हा जर वेळापत्रकात एक कोरा दिवस असता, तर मी ड्रायव्हरचं ऐकलं असतं. मी काही दुष्ट माणूस नव्हतो. माझ्यापुढे पर्याय ठेवलेला नव्हता, आणि तो जानेवारीतच काढून टाकला होता.

आधी कळलं तर काही करता येतं का, असा प्रश्न असेल तर १८९३ ची गोष्ट ऐका. चमोलीत बिरही नदीवर गोहना इथे प्रचंड दरड कोसळून नदी अडली, मागे तळं साचू लागलं. पुलफर्ड नावाच्या इंजिनिअरानं जागा पाहून सांगितलं की बांध लगेच फुटणार नाही, पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला तळं भरून वाहू लागेल तेव्हा धोका. मग तिथपासून खाली हरिद्वारपर्यंत टेलिग्राफची तार टाकली. पाणी कुठवर चढेल त्याच्या खुणा डोंगरउतारावर केल्या, माणसांना त्या खुणांच्या वर हलवलं. २५-२६ ऑगस्ट १८९४ च्या रात्री तळं फुटलं. गढवालातलं जुनं श्रीनगर शहर वाहून गेलं. माणसं किती गेली? पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब, हलवूनही परत गेलेलं. ना मोबाइल, ना उपग्रह, ना हेलिकॉप्टर. १९७० च्या जुलैत अलकनंदेला पुन्हा महापूर आला तेव्हा बेलाकूची हे रस्त्यालगतचं ठाणं आणि तिथे थांबलेल्या बसगाड्या नदीनं नेल्या. तोवर मोटाररस्ता नदीकाठानं गेला होता आणि त्याच्याबरोबर वस्तीही खाली उतरली होती.

जुनी गढवाली गावं बघा. बहुतेक वर, धारेवर किंवा उताराच्या पक्क्या टप्प्यावर. खाली नदीच्या बगडात, म्हणजे पात्रालगतच्या सपाट पट्ट्यात, शेती किंवा गुरं. बगडात घर बांधायचं नाही, हे तिथल्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. बगडातली हॉटेलं आपल्या गाड्यांसाठी उभी राहिली, आपल्याच 'नदीकाठच्या निसर्गरम्य' मागणीसाठी.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. वरच्या गावात पन्नास माणसांची सोय होत नाही, बस चढत नाही, गुडघेदुखीची माणसं पायऱ्या चढत नाहीत, आणि शेजारचा आयोजक हजार रुपयांनी स्वस्त देतो तेव्हा गिऱ्हाईक तिकडे पळतं. शिवाय पूर्ण सुरक्षित जागा हिमालयात मिळणंही कठीण. बद्रीनाथच्या वाटेवर आपण जोशीमठला वरच्या अंगाला थांबतो, पण ते शहरच जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे, हे १९७६ मध्ये मिश्रा समितीनं लिहून ठेवलं होतं. २०२३ च्या जानेवारीत तिथे आठशेहून अधिक घरांना तडे गेले. इस्रोच्या केंद्रानं त्याच वर्षी काढलेल्या भूस्खलनाच्या नकाशासंग्रहात देशातल्या १४७ जिल्ह्यांत पहिला नंबर रुद्रप्रयागचा, म्हणजे केदारनाथ ज्या जिल्ह्यात आहे त्याचा. दुसरा टिहरीचा.

तरी वाईट आणि कमी वाईट यांत निवड असतेच. केदारनाथसाठी सोनप्रयाग-सीतापूरला नदीला खेटून राहण्याऐवजी गुप्तकाशीला राहा. ते मंदाकिनीच्या पुष्कळ वर आहे. तीसेक किलोमीटर जास्त पडतात, म्हणजे पहाटे लवकर उठवावं लागेल. आपली माणसं काकडआरतीला उठतात, यालाही उठतील. यमुनोत्रीसाठी बडकोट तसंच. गंगोत्रीचं खरंच अवघड आहे, उत्तरकाशीहून एका दिवसात जाऊन येणं म्हाताऱ्यांना जड जातं, आणि उत्तरकाशीच्या डोक्यावरचा वरुणावत डोंगरही २००३ मध्ये घसरलेला आहे. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण हर्षिल-धराली पट्ट्यात खोल्या घेणारच असाल तर निदान एकदा स्वतः जाऊन उभे राहा. हॉटेलच्या दारातून मागे बघा. जवळ एखादा ओढा अरुंद घळीतून बाहेर पडतो का? हॉटेल त्या घळीच्या तोंडासमोर आहे का? अंगणात, शेतात, कुंपणाच्या भिंतीत घराएवढे-गाडीएवढे परके दगड आहेत का? ओढा सरळ यायच्या ऐवजी भिंत घालून एका बाजूला वळवलाय का? मालकाला विचारू नका, तो 'कभी कुछ नहीं हुआ' म्हणेल. चहाच्या टपरीवरच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला विचारा, "बाबाजी, यह गदेरा पिछली बार कब आया था?" गदेरा म्हणजे डोंगरी ओढा. तो म्हातारा वर्षासकट सांगेल. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूस्खलनाचे नकाशे सगळ्यांना पाहायला मोकळे आहेत, सरकारी 'सचेत' अॅपवर इशारे येतात. तेही वापरा, पण आधी तो म्हातारा.

कोरा दिवस पत्रकावर ठळक छापा. रस्ता बंद पडला तर तो तिथे खर्ची पडेल, नाही पडला तर शेवटी हरिद्वारला गंगाआरती आणि बायकांची खरेदी. कुणी तक्रार करणार नाही, उलट रुद्राक्षाच्या माळांचा धंदा वाढेल. त्या दिवसाचे पैसे पॅकेजमध्ये आधीच धरा आणि का धरले ते सांगा. गाडी पुढे न्यायची की थांबवायची, हा शब्द पहाडी ड्रायव्हरचा राहील, मॅनेजरचा नाही आणि पॅसेंजरांच्या मतदानानं तर मुळीच नाही, असं मॅनेजरला लेखी द्या. त्यानं गाडी थांबवली म्हणून तुमचं नुकसान झालं तर त्याचा पगार कापू नका. माझा एकदा कापला होता.

आणि जुलै-ऑगस्टचं 'पावसाळी ऑफर, २० टक्के सूट' बंद करा. याबाबतीत मी हट्टी आहे. आपल्याकडे संन्याशीसुद्धा चातुर्मासात एका जागी राहतो. ३१ जुलै २०२४ च्या रात्री केदारनाथच्या पायवाटेवर भीमबली-लिंचोलीच्या बाजूला वाट वाहून गेली, दहा हजारांहून जास्त माणसं काढावी लागली. ती वाचली ती काढणाऱ्यांच्या कष्टानं. सूट मिळाली म्हणून आलेले त्यात किती असतील, कुणी मोजलं नसेल.

ज्यांच्याकडे माझा नंबर आहे त्यांनी येत्या सीझनच्या मुक्कामांची यादी मला पाठवावी. हॉटेलचं नाव नको, गाव आणि उपग्रहाच्या नकाशावरची खूण पुरे. घळीचं तोंड कुठे आहे ते मी खुणा करून परत पाठवतो. पैसे नकोत. फार तर परतल्यावर एक डबा पुरणपोळीचा आणून द्या. त्या आचाऱ्याच्या हातची असेल तर उत्तम. तो अजून तुमच्यातल्याच कुणाकडे आहे असं कानावर आलंय.

आपला,
एक निवृत्त भूगोल मास्तर आणि माजी टूर मॅनेजर